वास ओळखणारं यंत्र: वाचकांच्या सहा प्रश्नांना उत्तरं

मागच्या वेळी या सदरात इलेक्ट्रॉनिक नाकाचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा पाऊस पडला. वीसेक वर्षं गॅस सेन्सरांच्या प्रयोगशाळेत काढलेल्या माझ्यासारखीला याहून मोठा आनंद नाही. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून सहा प्रश्न निवडले आहेत.

मी लातूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एमक्यू मालिकेतले पाच गॅस सेन्सर आणि आर्डुइनो (सेन्सर वाचणारा छोटा संगणकी बोर्ड) वापरून चहा, कॉफी आणि हिंग ओळखणारं नाक बनवतोय. पण आज आलेले आकडे उद्या येत नाहीत. सेन्सर खराब निघाले का?

बहुतेक नाही. सेन्सर कसा चालतो ते आधी समजून घे, म्हणजे चूक कुठे होतेय ते तुलाच दिसेल.

जाळीच्या टोपीखाली टिन ऑक्साइडचा थर असतो आणि त्याला तापवणारी बारीक तार. थर काही शे अंश सेल्सिअसला तापतो, म्हणून टोपीला बोट लावलं की ती कोमट लागते. तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो आणि थरातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. मद्यार्काची किंवा कॉफीची वाफ आली की ती या ऑक्सिजनशी जळते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि थराचा विजेला होणारा रोध उतरतो. तू मोजतोस तो हा रोध. म्हणजे सेन्सरला 'कॉफी' कळतच नाही, 'जळण्याजोगं काहीतरी आलं' एवढंच कळतं. एमक्यू-३ ला दुकानदार अल्कोहोल सेन्सर म्हणतात, पण तो इतर कित्येक वाफांनाही जागा होतो.

मग ओळख पटते कशी? पाच सेन्सर एकाच वासाला कमीजास्त प्रतिसाद देतात आणि त्या पाच आकड्यांचा मिळून एक ठसा तयार होतो. १९८२ साली इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात कृष्णा परसौद आणि जॉर्ज डॉड यांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात हेच दाखवलं, तेही अवघ्या तीन सेन्सरांवर. आपल्या नाकाचा हिशेबही याच जातीचा आहे. माणसाकडे वासाचे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही, म्हणजे वासाचे रेणू पकडणारी प्रथिनं, आहेत. एक ग्राही अनेक रेणूंना ओळखतो आणि एक रेणू अनेक ग्राहींना जागं करतो. ग्राहींची ही जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ चं नोबेल मिळवलं.

आता तुझे आकडे. पहिलं, नवे सेन्सर निदान २४ तास सलग तापत ठेव, त्याआधीचे आकडे वहीत लिहूसुद्धा नकोस. दुसरं, एका एमक्यूची तापतार साधारण १५० मिलीअँपिअर खाते. पाचांना मिळून पाऊण अँपिअर लागतो, तेवढा यूएसबीवर चालणारा आर्डुइनो देऊ शकत नाही. व्होल्टेज पडतं, तापमान घसरतं आणि आकडे भरकटतात. तापतारांना वेगळा पुरवठा दे. तिसरं, नुसता रोध नोंदवू नकोस. प्रत्येक नमुन्याआधी स्वच्छ हवेतला रोध घे आणि त्याच्याशी गुणोत्तर काढ. चौथं, हवेतली आर्द्रता. पाऊस पडून गेला की हे सेन्सर दुसरंच बोलतात, म्हणून शेजारी आर्द्रता मोजणारा सेन्सर हवाच. आणि त्या खोलीत सिलिकोनचा सीलंट किंवा केसांचं सीरम उघडू नकोस. त्याची वाफ थरावर बसली की सेन्सर कायमचा बहिरा होतो.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तू करू नकोस. ताजं आणि खवट शेंगदाणा तेल ओळखायचं होतं. ताज्याचे नमुने आम्ही सकाळी मोजायचो, खवट दुपारी. संगणकाने जवळजवळ प्रत्येक नमुना अचूक ओळखला, आम्ही हरखलो. शेवटी एका सहकाऱ्याने सहज रिकाम्या बाटल्या लावल्या, तर सकाळची रिकामी बाटली 'ताजी' निघाली आणि दुपारची 'खवट'! यंत्र तेल शिकलंच नव्हतं, खोलीतली सकाळ आणि दुपार शिकलं होतं. तेव्हा चहा, कॉफी, हिंग चिठ्ठ्या टाकून उलटसुलट क्रमाने मोज, मधे रिकाम्या बाटल्या घाल, आणि परीक्षेचे नमुने शिकवलेल्या दिवसांचे नव्हे, वेगळ्याच दिवसाचे घे. त्यात टक्केवारी निम्म्यावर आली तरी अहवालात तीच लिही. मी परीक्षक असते तर त्या निम्म्यालाच जास्त गुण दिले असते.

माझ्या वडिलांचं (वय ७४) वासाचं ज्ञान कोरोनानंतर गेलं ते परत आलंच नाही. दिवसभर ठाण्याच्या घरी ते एकटे असतात. गॅस, करपलेलं दूध, नासलेलं अन्न ओळखून सांगेल असं इलेक्ट्रॉनिक नाक मिळतं का?

तिन्ही कामं एकट्याने करणारं घरगुती यंत्र नाही, आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातीला भुलू नका. पण तिन्हींचा वेगवेगळा बंदोबस्त करता येतो.

गॅससाठी गळतीचा अलार्म आजच बसवा. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो दर्प त्यात मुद्दाम मिसळलेल्या एथिल मरकॅप्टनचा. अलार्म मात्र थेट प्रोपेन-ब्युटेन पकडतो, म्हणून वडिलांचं नाक चालतं की नाही याने फरक पडत नाही. घरात सिलिंडर असेल तर अलार्म जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंचीवर लावा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. पाइपचा गॅस असेल तर तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून छताजवळ लावा. खरेदी करताना अलार्म कोणत्या गॅसचा आहे ते खोक्यावर वाचून घ्या.

सॅनिटायझर, डिओ, कधी फोडणीचा धूर यानेही तो वाजेल. त्याला कंटाळून बटण बंद करून ठेवलेली घरं मी पाहिली आहेत. असं करू नका, जागा थोडी बदला. लायटरचा गॅस अलार्मच्या तोंडाशी सोडून तपासणी करू नका, इतक्या दाट गॅसने सेन्सर बिघडू शकतो. सेन्सर म्हातारा होतो, त्यामुळे डब्यावर लिहिलेली मुदत संपली की अलार्म बदला, भले तो अजून वाजत असेल. आणि वडिलांना हे पाठ करून द्या: अलार्म वाजला की दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू-बंद करायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, बाहेर पडायचं आणि तिथून फोन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, पाइपच्या गॅससाठी बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक.

दुधासाठी टायमर असलेली इंडक्शन शेगडी घ्या. अन्नासाठी उपाय साधा आहे: फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर तारीख.

आणखी एक, कारण तुम्ही 'परत आलंच नाही' असं लिहिलंय. कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारून वासाचा सराव सुरू करा. जर्मनीत थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये १२ आठवड्यांचा सराव करून पाहिला होता: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, रोज दोनदा, एकेक वास काही सेकंद लक्ष देऊन घ्यायचा. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण काहींना येतो. खर्च नगण्य आहे. लवंगेची कुपी हातात देताना 'आठवतंय का, आई मसालेभाताला घालायची?' असं काही बोलत राहा. वास आणि आठवण मेंदूत एकमेकांच्या शेजारी राहतात.

देवगडला आमची बाग आहे. कर्नाटकातला आंबा आमच्या नावाने खपवला जातो. वासावरून खरा देवगड हापूस ओळखणारं यंत्र बनवता येईल का?

तुमची तळमळ समजते. एप्रिलमध्ये बाजारात देवगडचं नाव छापलेली पेटी उघडावी आणि आत भलतंच निघावं, हा अनुभव मलाही आहे.

वासात फरक असतो हे खरं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर वर्षानुवर्षं काम झालं आहे, त्यात देवगड, वेंगुर्ले आणि दापोलीच्या फळांच्या गंधद्रव्यांतही फरक दिसले. अडचण वेगळीच आहे. हापूसच्या वाफेत वजनाने सगळ्यात जास्त असतात ती टर्पिनं नावाची द्रव्यं. पण आपण अढीतून फळ काढून देठाशी नाक नेतो तेव्हा जी गोडी जाणवते, तिच्यात पिकताना तयार होणाऱ्या लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या द्रव्यांचा मोठा वाटा असतो, तीही अगदी थोड्या प्रमाणात. आपलं नाक त्यांच्यासाठी तिखट आहे. टिन ऑक्साइडला मात्र जे जास्त तेच ऐकू येतं. शिवाय एकाच झाडाचं फळ अढीत तिसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी इतका वेगळा वास देतं की पिकण्यातला फरक गावातल्या फरकाला सहज गिळून टाकतो.

म्हणून आज असं यंत्र कोणी विकायला आणलं तर एकच विचारा: कोणत्या बागांची, किती हंगामांची, किती पिकलेली फळं याला शिकवली? ओळख पटवण्यासाठी तूर्त २०१८ च्या भौगोलिक मानांकनाची नोंदणी हाच पक्का आधार आहे. फळ किती पिकलंय हे सांगायला मात्र इलेक्ट्रॉनिक नाक उपयोगी पडू शकतं, आणि निर्यात करणाऱ्याला ते कमी मोलाचं नाही.

चहाकडे पाहा. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या कोलकाता केंद्राने जादवपूर विद्यापीठाबरोबर चहासाठी इलेक्ट्रॉनिक नाक तयार केलं. पान मळल्यावर आंबवण नेमकं कधी थांबवायचं, हा त्यातला कळीचा प्रश्न. तिथे ते जमलं, कारण प्रश्न नेटका होता आणि शिकवायला वर्षानुवर्षं चव घेणारे चहापारखी शेजारी बसलेले होते. आंब्याच्या बाबतीत ते पारखी तुम्ही आहात. तुमच्यासारख्या बागायतदारांची नाकं सोबत घेतल्याशिवाय कुठल्याही प्रयोगशाळेने हे काम हाती घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

नागपुरात एका ठिकाणी फुग्यात श्वास सोडायला लावून कॅन्सर आहे की नाही ते 'एआय नाकाने' सांगतात, तीन हजार रुपयांत. करून घ्यावं का?

नको. पैसे वाचवा, आणि काही लक्षणं असतील तर थेट डॉक्टरांकडे जा.

कल्पना खोटी नाही. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या गटाने १९७१ मध्येच माणसाच्या श्वासात सुमारे २५० पदार्थ मोजले होते. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या परिचारिकेला नवऱ्याच्या अंगाचा बदललेला वास त्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान होण्याच्या कितीतरी वर्षं आधी आला होता. त्यावरून मँचेस्टर विद्यापीठात त्वचेच्या तेलकट स्रावावर आजही संशोधन चालू आहे. पण ते काम मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या, रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या मोठ्या उपकरणावर होतं, फुग्यावर नाही. श्वासात काल खाल्लेला लसूण असतो, तंबाखू असते, त्या खोलीतलं फिनाईलसुद्धा असतं. एकादशीचा कडक उपास केला तरी श्वासातलं ॲसिटोन वाढतं. 'आजार नाही' हे चुकीचं उत्तर मिळालं तर माणूस निर्धास्त होऊन सहा महिने घालवतो. मला भीती त्याची वाटते.

श्वासाच्या काही तपासण्या मात्र भरवशाच्या आहेत. दम्यात नायट्रिक ऑक्साइड मोजतात, पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी युरियाची श्वासतपासणी करतात. त्यांत एकच ठरलेला पदार्थ मोजायचा असतो, म्हणून त्या टिकल्या.

मासळी ताजी आहे का हे सेन्सर सांगेल? (वेंगुर्ले)

समुद्री मासळी शिळी होताना येणारा वशाट वास मुख्यतः ट्रायमिथाइल अमिनचा असतो आणि तो सेन्सरला चांगला कळतो. पण बांगडा, कुपा यांसारखी मासळी उन्हात राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. त्याला वास नाही, आणि शिजवून ते जातही नाही. तिथे तुमचं नाक आणि माझा सेन्सर दोघेही हरतात. होडीपासून घरापर्यंत बर्फ, एवढाच इलाज.

आमची सोसायटी कचरा डेपोजवळ आहे. रात्री असह्य दुर्गंधी येते, तक्रार केली की अधिकारी दुपारी येतात, तेव्हा वास नसतो. इलेक्ट्रॉनिक नाक बसवून पुरावा देता येईल का?

पुराव्याला मदत होईल, पण नाक एक असून भागत नाही, जाळं लागतं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅम बंदराच्या परिसरात पर्यावरण यंत्रणेने दोनशेहून अधिक इलेक्ट्रॉनिक नाकं लावली आहेत. एखाद्या नाकाचा आकडा उसळला की वाऱ्याच्या दिशेवरून उगम कोणत्या बाजूला ते शोधतात. मुंबईत १९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री चेंबूर-घाटकोपरपासून पवईपर्यंत लोक गॅसच्या वासाने हैराण झाले होते, तेव्हा असं जाळं आपल्याकडे असायला हवं होतं असं मला फार वाटलं. तरीही दुर्गंधी किती, हे ठरवणारं युरोपचं मानक आजही माणसांच्या नाकावरच उभं आहे. निवडलेल्या लोकांना वेगवेगळ्या प्रमाणात पातळ केलेली हवा हुंगायला देतात आणि निम्म्यांनाच वास येतो तेव्हा ती किती पट पातळ होती ते मोजतात.

एके ठिकाणी मात्र नाकावर मुळीच विसंबू नका. सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड वायू दाट झाला की नाक बधिर करतो. वास 'गेला' म्हणून माणूस आत उतरतो आणि परत येत नाही. सोसायटीच्या मलटाकीत कुणालाही उतरवू नका. हे काम यंत्राने आणि गॅस मोजूनच करून घेण्याची जबाबदारी तुमच्या समितीची आहे.

तक्रारीसाठी आज रात्रीपासून एक वही घाला. तीन-चार घरांनी वेगवेगळी लिहायची: तारीख, वेळ, किती मिनिटं, वारा कुठून, आणि वास कसा. नुसतं 'घाण वास' लिहू नका. सडक्या अंड्याचा, आंबूस, करपट, जळक्या प्लास्टिकचा, नेमका शब्द लिहा, कारण अंड्याचा वास सडणाऱ्या ढिगातून येतो आणि प्लास्टिकचा आगीतून, आणि दोन्हींसाठी वेगळी कारवाई लागते. महिन्याभराच्या नोंदी जुळवून रात्री कोणत्या तासांना त्रास होतो ते काढा आणि तपासणी त्याच तासांना व्हावी अशी लेखी मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करा.