सांत्वन 'करतात' की 'मिळतं'?

प्रश्न असा आलाय: ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये ऑफिसमधल्या एकाच्या आईच्या महिन्याच्या मिस्साला (आई गेल्याला महिना झाला म्हणून ठेवलेली चर्चमधली प्रार्थना) गेलो होतो, बाहेर पडताना त्याची मावशी म्हणाली "आज सांत्वन मिळालं". हे मराठी बरोबर आहे का, सांत्वन तर करतात ना?

बरोबर आहे, बिनधास्त. फक्त आपल्या कानाला सवय नाही, कारण आपण हा शब्द पेपरातून शिकलोय, आमदार येतात, कुटुंबीयांचं सांत्वन करतात, फोटो छापून येतो, संपलं. ज्याचं केलं त्याच्यापर्यंत ते पोचलं का हे कोण विचारतंय. मूळ संस्कृत सांत्व् म्हणजे गोड बोलून शांत करणं, आणि शोक ज्या शुच् धातूवरून आलाय त्याचा एक अर्थ जळणं पण आहे, म्हणजे आपल्या हिशोबाने तिकडे आग लागलीय आणि आपण शब्दांचं पाणी मारतोय.

ख्रिस्ती मराठीत हा शब्द बायबलच्या भाषांतरात येतो आणि खरी गंमत तिथे आहे. 'शोक करणारे धन्य, त्यांचं सांत्वन होईल' असं येशूचं वचन आहे ना, बायबलातल्या मत्तयच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, तिथे मूळ ग्रीक क्रियापद आहे पाराकालेओ, त्याचा शब्दशः अर्थ जवळ बोलावणं. आणि योहानाच्या शुभवर्तमानात (तेही बायबलातलंच, येशूच्या चरित्राचं पुस्तक) पवित्र आत्म्याला जे पाराक्लेतोस म्हटलंय ते याच धातूचं, पण मराठी बायबलात तिथे शब्द येतो 'कैवारी'! कैवार घेणं म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको, भांडणात आपल्या बाजूने उभा राहतो तो. आता एकाच ग्रीक धातूची ही दोन मराठी पोरं शेजारी बसवून बघा, मग मावशींचं 'मिळालं' लगेच पटतं, कैवार घेणारा मिळतोच की.

येशूचा प्रेषित पौल, त्याने तर करिंथकरांना (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना) लिहिलेल्या, बायबलातच असलेल्या दुसऱ्या पत्रात सुरुवातीच्याच पाच वचनांत (१:३-७) हा धातू १० वेळा वापरलाय, आणि म्हणणं काय तर देवाकडून जे सांत्वन आम्हाला मिळतं तेच आम्ही दुसऱ्या दुःखितांना देतो. मिळतं, मग पुढे देता येतं. 'करणं'मध्ये हे बसत नाही.

समजूत घालणं मात्र वेगळं हां. बाबा गेले तेव्हा आमच्या नौपाड्याच्या घरी जो तो येऊन "सुटले बिचारे", "वय झालंच होतं" ऐकवून गेला, मला तर उलट रागच येत होता. बायबलातल्या ईयोबाचं सेम झालं, मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत ठीक होतं, मग एकेकाने तोंड उघडून कारणमीमांसा सुरू केली आणि तो वैतागून म्हणाला की तुम्ही सगळे त्रासदायक सांत्वनकर्ते आहात.

'दिलासा मिळाला' आपण रोज म्हणतो, तो फारसीतून आलाय, त्याला कोणी अडवत नाही, मग याला का?

जाता जाता, 'सांत्वना' हिंदी, मराठीत ते सांत्वन, नपुंसकलिंगी. आणि अनुस्वार 'सा'वर, श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर असतो तसा 'त्व'वर नाही.