पर्सेपोलिसचे प्रशिक्षक टिकत का नाहीत? आणि थोर कोण, परवीन की ब्रान्को?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एप्रिल २०२१ मध्ये मडगावला एफसी गोवाला हरवून गेलेला इराणमधल्या तेहरानचा पर्सेपोलिस हा फुटबॉल क्लब सारखा जिंकतो, मग त्याचे प्रशिक्षक दर वर्ष-दोन वर्षांनी का बदलतात? आणि क्लबचे जुने खेळाडू-प्रशिक्षक अली परवीन व क्रोएशियाचे प्रशिक्षक ब्रान्को इवान्कोविच यांच्यात थोर कोण? दुसऱ्या प्रश्नाकडे शेवटी वळतो, कारण पहिल्याचं उत्तर कळल्याशिवाय त्या वादाला रंग चढत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या क्लबातले चांगले प्रशिक्षक मैदानावर हरले म्हणून गेले नाहीत, कचेरीला, म्हणजे क्लबच्या कारभाराला, कंटाळून गेले. गेल्या वीसेक वर्षांत लीग जिंकून देणारे चौघे म्हणजे अफशिन गोत्बी, ब्रान्को, याह्या गोलमोहम्मदी आणि ओस्मार व्हिएरा. यांतल्या एकालाही 'तुझ्याच्याने होत नाही' म्हणून घरी पाठवलेलं नाही.

याची मुळं जुनी आहेत. १९६३ मध्ये अमेरिकेहून परतलेले मुष्टियोद्धे अली अब्दो यांनी क्लब काढला, तेव्हा तो खाजगी होता. फुटबॉलमध्ये त्याला वजन आलं ते शाहीन हा तेहरानचा लाडका क्लब १९६७ मध्ये बरखास्त झाल्यावर. तिथले खेळाडू परवीझ देहदारींबरोबर इकडे आले आणि शाहीनचे प्रेक्षकही त्यांच्यामागे आले. मग १९७१ च्या सुमारास अॅलन रॉजर्स हे इंग्रज प्रशिक्षक आले. सप्टेंबर १९७३ मध्ये त्यांच्याच संघाने ताजला ६-० असं धुतलं. ताज म्हणजे आजचा एस्तेग्लाल, हाडवैरी. तेहरान डर्बीचा विषय निघाला की लाल शर्टवाले आजही सहा बोटं दाखवतात ती या सामन्यामुळे. त्याच हंगामात तख्त-ए-जमशीद करंडक, म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय लीग, पर्सेपोलिसने जिंकली.

१९७९ च्या क्रांतीनंतर क्लब सरकारी झाला. नावही बदललं. सरकारी टीव्हीवर कित्येक वर्षं 'पिरूझी' म्हणत आणि स्टेडियममध्ये लोक 'पर्सेपोलिस'च ओरडत. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. २०२४ पर्यंत एस्तेग्लालही सरकारचाच आणि पर्सेपोलिसही सरकारचाच, आधी क्रीडा संघटनेकडे आणि नंतर क्रीडा मंत्रालयाकडे. क्लबचा अध्यक्ष मंत्रालय नेमणार, मंत्री बदलला की अध्यक्ष बदलणार आणि नवा अध्यक्ष आपला माणूस आणणार. आपल्याकडे महामंडळांवर नेमणुका कशा होतात हे ज्याने पाहिलंय त्याला अधिक सांगायला नको.

या सगळ्यात एकच माणूस तग धरून राहिला, तो अली परवीन. सात नंबरचा शर्ट, १९७८ च्या विश्वचषकात इराणचा कर्णधार. ऐंशीच्या दशकात ते आधी खेळता-खेळताच प्रशिक्षक झाले आणि १९९३ पर्यंत संघ त्यांच्याच हातात होता. तो इराण-इराक युद्धाचा काळ. राष्ट्रीय लीग बंद, सगळी चुरस तेहरानच्या स्थानिक लीगमध्ये. क्लबकडे पैसा नाही, धड सरावाचं मैदान नाही, पण परवीन यांनी बोलावलं की खेळाडू यायचे. लोक त्यांना 'सुलतान' म्हणत आणि ते वागतही तसेच. १९८९ पासून राष्ट्रीय संघही त्यांच्याकडेच होता. १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि लगेच १९९०-९१ चा आशियाई कप विनर्स करंडक पर्सेपोलिससाठी, म्हणजे दोन्ही दगडांवर पाय ठेवून माणूस पार झाला. १९९४ च्या विश्वचषकाची पात्रता हुकली तेव्हा मात्र दोन्ही खुर्च्या गेल्या.

मधल्या काळात क्रोएशियाच्या स्तान्को पोक्लेपोविच यांनी १९९५-९६ ची लीग जिंकून दिली. १९९८ ला परवीन परतले आणि लागोपाठ दोन लीग जिंकले. २००१-०२ ला इराणची व्यावसायिक लीग सुरू झाली, तिचा पहिला हंगामही त्यांचाच. तो करंडक अक्षरशः शेवटच्या दिवशी पदरात पडला. आघाडीवरचा एस्तेग्लाल अंझली शहरात तिथल्या मलवान क्लबकडून हरला आणि इकडे पर्सेपोलिस जिंकला.

परवीन यांची सद्दी २००३ ला संपली आणि तिथून ब्रान्को येईपर्यंतच्या बारा वर्षांत खुर्ची पंधरा-सोळा वेळा फिरली. सगळ्यांची नावं सांगत बसत नाही, पण मासला बघा. बेगोविच, जर्मनीचे त्सोबेल, पुन्हा थोडे दिवस परवीन, हॉलंडचे आरी हान, तुर्कस्तानचे देनिझली (दोनदा), पोर्तुगालचे विंगाडा, क्रोएशियाचे क्रान्यचार, इजिप्तच्या अल अहलीला आफ्रिकेत नाव मिळवून देणारे मानुएल जोझे. माणसं काही किरकोळ नव्हती. पण नव्याचे नऊ दिवस संपले की गॅलरीतून 'हया कोन, रहा कोन' ही घोषणा सुरू व्हायची: लाज धर आणि चालता हो. अध्यक्षांना तेवढं पुरे. स्वतःवरची आग प्रशिक्षकावर ढकलण्याइतकं सोपं काम दुसरं नाही.

या धांदलीत एक हंगाम मात्र सोन्याचा आहे, २००७-०८. अफशिन गोत्बी लहानपणीच अमेरिकेला गेलेले, दक्षिण कोरियाच्या संघात डच प्रशिक्षक हिडिंकच्या हाताखाली सामन्यांचं चित्रण तपासण्याचं काम केलेले. व्यावसायिक क्लबचा मुख्य प्रशिक्षक म्हणून फारसा अनुभव नाही. त्यात एका जुन्या देण्याच्या प्रकरणात फिफाने क्लबचे सहा गुण कापले. खेळाडूंनी मिळवलेले गुण कचेरीने घालवले, याहून स्पष्ट उदाहरण तुम्हाला सापडणार नाही. १७ मे २००८ ला शेवटचा सामना, आझादी स्टेडियम तुडुंब, समोर इस्फहानचा सेपाहान क्लब. बरोबरी झाली तरी करंडक सेपाहानचा. १-१ वर घड्याळ नव्वद ओलांडून गेलं. भरपाईच्या वेळेतही सहावं मिनिट चालू झालं. आणि सेपेहर हैदरीने हेडर मारला. तो गोल शोधून बघाच, पण गोलापेक्षा त्यानंतर मैदानावर काय झालं ते बघा. गोत्बी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लब सोडून गेले.

गंमत अशी की २००९ च्या वसंतात राष्ट्रीय संघातून अली दाई यांची उचलबांगडी झाली, थोड्याच दिवसांत ती जागा गोत्बींना मिळाली आणि वर्ष संपता-संपता दाई पर्सेपोलिसच्या खुर्चीत येऊन बसले. दाईंनी २०१० आणि २०११ असे दोन हझफी करंडक (इराणची बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा) जिंकून दिले आणि मग व्यवस्थापनाशी भांडून तेही निघून गेले. २०१३ ला परत आले, लीगमध्ये दुसरे आले आणि पुढचा हंगाम जेमतेम सुरू होतोय तोच काढले गेले.

आता ब्रान्को. एप्रिल २०१५ मध्ये आले तेव्हा संघाची दशा झाली होती. इराण त्यांना नवा नव्हता, २००६ च्या विश्वचषकात राष्ट्रीय संघ त्यांच्याकडेच होता. पहिल्या पूर्ण हंगामाची सुरुवात इतकी वाईट झाली की दुसरा कोणी असता तर दिवाळीपर्यंत टिकला नसता. त्यातच १ ऑक्टोबर २०१५ ला कर्णधार हादी नौरूझी झोपेतच गेला, वय अवघं तीस. त्याचा नंबर चोवीस. सामन्याच्या चोविसाव्या मिनिटाला सगळं स्टेडियम त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागलं. माझ्या मते हा संघ खऱ्या अर्थाने संघ झाला तो त्या महिन्यांत, आणि लोकांनीही ब्रान्कोंना आपलं मानलं ते तेव्हाच. त्या मोसमात एस्तेग्लालला ४-२ हरवलं, पण लीग गोलफरकाने गेली. एस्तेग्लाल खूझेस्तान (हा तेहरानच्या एस्तेग्लालहून वेगळा क्लब) आणि पर्सेपोलिस, दोघांचेही ५७ गुण.

पुढच्या तीनही लीग त्यांनी जिंकल्या, २०१७, २०१८ आणि २०१९, शिवाय २०१९ चा हझफी करंडकही. गोल खायचे नाहीत, घाई करायची नाही, ठरलेल्या अकरा जणांवर विश्वास ठेवायचा. दिसायला फार देखणा खेळ नव्हता, खरं सांगायचं तर कधीकधी कंटाळाही यायचा. २०१८ ला पर्सेपोलिसचा आघाडीपटू मेहदी तारेमीच्या तुर्कस्तानच्या क्लबाशी झालेल्या कराराच्या प्रकरणात फिफाने पर्सेपोलिसवर नवे खेळाडू घेण्याची बंदी घातली. अमीरी, मोहर्रमी, अहमदझादे परदेशी गेले आणि त्यांच्या जागी कोणाला घेता येईना. बाकावर पोरंटोरं बसवून हा माणूस आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत गेला. तिथे जपानचा काशिमा दोन सामने मिळून २-० ने भारी पडला.

मग जून २०१९ मध्ये ते गेले. कारण विचाराल तर पैसे. करार युरोतला, क्लबची कमाई रियालमधली, रियाल घसरतोय आणि निर्बंधांमुळे बँकेतून परदेशी पैसे पाठवणं म्हणजे दिव्य. टीव्हीच्या हक्कांतून मिळकत जवळपास नाहीच, कारण प्रक्षेपण सरकारी वाहिनीच्या मुठीत. थकबाकीचा वाद पुढे फिफापर्यंत गेला. त्यांच्या जागी अर्जेंटिनाचे काल्देरोन आले, अर्ध्या हंगामात संघ पहिल्या क्रमांकावर होता, पण थकलेल्या पैशांपायी सुट्टीवरून ते परतलेच नाहीत. अव्वल असलेल्या संघाचा प्रशिक्षक असा निघून जातो, यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं.

जानेवारी २०२० मध्ये याह्या गोलमोहम्मदी आले. हेच गोलमोहम्मदी २००६ च्या विश्वचषकात ब्रान्कोंच्या संघात बचावपटू होते आणि मेक्सिकोविरुद्ध इराणचा गोल त्यांनीच केला होता. त्यांनी सलग चौथी आणि पाचवी लीग जिंकली. २०२० ची आशियाई अंतिम फेरी मात्र कतारमध्ये दक्षिण कोरियाच्या उल्सानकडून २-१ ने गेली. मडगावला आलेला संघ यांचाच. तिथल्या फातोर्डा स्टेडियममध्ये कोविडमुळे रिकाम्या गॅलऱ्यांसमोर, चौदाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या फ्री किकवर एदू बेदियाने डोक्याने चेंडू आत घातला, या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिलाच गोल. पण पर्सेपोलिस गडबडला नाही. पंचवीस मिनिटं व्हायच्या आत तोराबीची पेनल्टी आणि जलाल होसेनीचा गोल, सामना २-१. तीन दिवसांनी ४-०. ती सवय ब्रान्कोंच्या काळातली होती.

आणि पुन्हा कचेरी आडवी आली. लीग जिंकूनही २०२२ च्या आशियाई स्पर्धेतून पर्सेपोलिसला बाहेर ठेवलं, कारण क्लब परवान्याच्या अटी पूर्ण नव्हत्या. एस्तेग्लालचंही तेच झालं. गोलमोहम्मदींनी २०२३ ला लीग आणि हझफी दोन्ही जिंकले, मार्च २०२४ मध्ये राजीनामा दिला. त्यांचेच सहायक असलेले ब्राझीलचे ओस्मार आले, लीग जिंकले, आणि नव्या हंगामात तेही नव्हते! स्पेनचे गारिदो, तुर्कस्तानचे कार्ताल, मग वहीद हाशेमियान असं करत २०२५ च्या अखेरीस पुन्हा ओस्मारच. आता २०२४ पासून क्लबची मालकी मंत्रालयाकडून बँकांच्या गटाकडे गेली आहे, पण खुर्ची फिरण्याचा वेग तेवढ्याने कमी झालेला दिसत नाही.

तर परवीन की ब्रान्को? क्लबचा माणूस म्हणून परवीन थोर, यात वाद नाही. पण प्रशिक्षक म्हणून मी ब्रान्कोंना वरचं स्थान देतो. परवीन टिकले ते नावाच्या दराऱ्यावर, त्यांना हात लावायची छाती अध्यक्षांना नव्हती. ते गेल्यावर मागे बारा वर्षांचा गोंधळ उरला. ब्रान्कोंकडे असा दरारा नव्हता, पगारही वेळेवर नव्हता, तरी त्यांनी बसवलेली घडी ते गेल्यावर दोन हंगाम लीग जिंकत राहिली. तेहरानच्या कुठल्या परवीनभक्ताशी ऑनलाइन वाद घालणार असाल तर एका मुद्द्याची तयारी ठेवा: आशियातला पर्सेपोलिसचा एकमेव करंडक १९९१ चा आहे आणि तो परवीन यांच्या नावावर आहे. तो मुद्दा मलाही अजून खोडता आलेला नाही.