हातात साडेचार हजार, हिशेबात चौदा : भोसरी सोडून चाकणला जावं का?

प्रश्न : वय ३४. भोसरी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये आठ वर्षं आठ महिने व्हीएमसी (संगणकीय मिलिंग मशिन) प्रोग्रॅमर आहे. आम्ही चौदा जण. हातात ४६,००० येतात. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, आणि पगार कधी ७ तारखेला तर कधी २० तारखेला होतो. पण समाधान आहे : ड्रॉइंग आल्यापासून जॉब (तयार सुटा भाग) टेम्पोत चढेपर्यंत सगळं माझ्याकडे असतं, मुलाच्या शाळेत जायचं असलं की शेठ दोन तास सोडतात, अडचणीला बिनव्याजी उचल देतात. सध्या उचलीचे ३०,००० फिटायचे आहेत. आता चाकणच्या एका मोठ्या कंपनीकडून वर्षाला ८,४०,००० सीटीसीचं (कंपनीचा माझ्यावरचा एकूण खर्च) पत्र आलंय. तिथे तीन पाळ्या आहेत. दिघीला राहतो. पत्नी घरी असते, मुलगा सहा वर्षांचा, आईला मधुमेह. घराचा हप्ता १९,५००, बाकी खर्च २०,०००, ८०,००० ची एफडी. घरचे म्हणतात, सत्तर हजार सोडून शेचाळीसला कशाला चिकटायचं? पंधरा दिवसांत कळवायचं आहे.

उत्तर :

घरात चर्चा सत्तर आणि शेचाळीस या दोन आकड्यांवर चालली आहे. त्यातला सत्तर तुमच्या खात्यात कधीच जमा होणार नाही, म्हणून आधी तो सोडवू.

तुम्ही पाठवलेल्या पत्रकानुसार ८,४०,००० मध्ये व्हेरिएबल पे ८४,०००, कंपनीचा पीएफचा वाटा ५०,४००, ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम) तरतूद २०,२०० आणि गटविम्याचा हप्ता १२,००० धरला आहे. हे काढल्यावर ६,७३,४०० उरतात, म्हणजे महिना ५६,१००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,२००, व्यवसाय कर २०० आणि बस-कँटीनचे १,२०० जातील. हातात येतील साधारण ५०,५००. आजच्यापेक्षा साडेचार हजार जास्त. आयकराने दोन्हीकडे फरक पडत नाही. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पगारदाराचं १२.७५ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं आहे, आणि तुम्ही दोन्हीकडे त्याच्या बरेच खाली आहात.

पण फायदा साडेचार हजारांचाच आहे असं म्हणून ऑफर फेटाळणंही चूक ठरेल. पीएफमध्ये तुमचे ४,२०० आणि कंपनीचे ४,२०० असे दरमहा ८,४०० साठणार आहेत, आणि ते तुमचेच आहेत. तुमच्या बाबतीत एक बारकावा आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या आणि १५,००० पेक्षा जास्त मूळ वेतन असणाऱ्या माणसाला पेन्शन योजनेत घेत नाहीत. त्यामुळे कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शनकडे न वळता सगळी रक्कम पीएफच्या खात्यातच पडेल. ८.२५ टक्के व्याज कायम राहिलं आणि पगार एक रुपयानेही वाढला नाही असं धरलं, तरी ५८ व्या वर्षी हे सुमारे ७२ लाख होतात. महागाई सहा टक्के धरली तर त्यांची आजची किंमत १८ लाखांच्या आसपास. ७२ ऐकून हुरळून जाऊ नका, पण १८ लाखही आज तुमच्याकडे नाहीत आणि भोसरीत ते आपोआप तयार होणार नाहीत.

तेव्हा खरा फरक असा : हातातले ४,५००, पीएफचे ८,४०० आणि विम्याचे १,०००, मिळून दरमहा १३,९००. व्हेरिएबल मी यात मुद्दाम धरलेलं नाही. ते कंपनीच्या नफ्यावर, तुमच्या विभागावर आणि वरिष्ठाने दिलेल्या शेऱ्यावर ठरतं. मिळालं तर आनंदच, पण त्याच्या भरवशावर हप्ता बांधायचा नाही. ग्रॅच्युइटी दोन्हीकडे लागू आहे, म्हणून तीही बाजूला ठेवली.

आता हे १३,९०० कशाच्या बदल्यात, ते पाहू. सध्या तुमचं जाणं-येणं पंचवीस मिनिटांत होतं. कंपनीच्या बसने, नाशिक रस्त्याची गर्दी धरून, तुम्हीच सव्वादोन तास लिहिले आहेत. रोजचे एक तास पन्नास मिनिटं जास्त, सव्वीस दिवसांचे जवळजवळ ४८ तास. म्हणजे ताशी २९० रुपयांनी तुम्ही हे तास विकताय. आजचा तुमचा दर प्रवास धरून ताशी १९८ पडतो, त्यामुळे सौदा वाईट नाही. फक्त हे तास मुलाच्या अभ्यासाचे आणि आईला तपासणीला नेण्याचे आहेत. शिवाय फिरत्या पाळीत जाणारी झोप या दरात धरलेली नाही.

शेठकडे किती मागायचं, तो आकडाही याच हिशेबातून निघतो. ४८ तासांना आजचाच दर लावला तर साडेनऊ हजार होतात. १३,९०० मधून ते वजा केले की ४,४०० उरतात. म्हणजे शेठनी साडेचार हजारांची भर घातली, तरी कामातलं समाधान न मोजताच दोन्ही पारडी बरोबरीत येतात. सत्तर हजारांची बरोबरी शेठ करू शकणार नाहीत, आणि त्यांना ती करायला सांगायचीही गरज नाही.

समाधानाबद्दल मात्र मला नेमकं बोलायचं आहे, कारण त्या एका शब्दात तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. पहिली, कामाचा आवाका. ड्रॉइंग वाचणं, जॉब पकडायचं फिक्स्चर ठरवणं, प्रोग्रॅम, पहिला जॉब, कस्टमरशी मायक्रॉनवरून होणारी चर्चा, हे सगळं एकाच माणसाकडे असणं ही मिळकतच आहे. उद्या दुसरीकडे गेलात तर यालाच भाव येईल. मोठ्या कंपनीत अनेकदा एकच लाइन, तेच चार पार्ट आणि ठरलेला सायकल टाइम वाट्याला येतो. पाच वर्षांनी ‘काय काय येतं?’ या प्रश्नाचं उत्तर तिथे आखूडही होऊ शकतं. म्हणून होकार देण्याआधी तिथे नवीन डेव्हलपमेंटचं काम मिळणार की चालू उत्पादनाचं, हे नक्की विचारा. माझ्या मते पगाराच्या खालोखाल हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

दुसरी, वेळेची मोकळीक. तिची किंमत वर काढलीच.

तिसरी, उचल. हिच्याबद्दल आपुलकी वाटणं स्वाभाविक आहे, पण तिचा हिशेब कोणी करत नाही. समजा ६०,००० घेऊन दहा महिन्यांत फेडले, आणि त्याऐवजी बँकेचं वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी घेतलं असतं, तर व्याज चार हजारांच्या आत असतं. दुसरीकडे, पीएफ नसल्यामुळे मालकाच्या वाट्याचे वर्षाला हजारो रुपये तुमच्या नावावर पडत नाहीत. मालकाचा जिव्हाळा खरा असेल, पण म्हातारपणाची तरतूद त्याने होत नाही. आणि वीस तारखेला होणाऱ्या पगाराने पाच तारखेचा हप्ता चुकला, तर बँकेचा दंड आणि क्रेडिट स्कोअरवरचा डाग दोन्ही तुमच्याच नावावर लागतात.

पीएफ न देण्यात शेठनी काही चुकीचं केलेलं नाही. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेवर ते बंधन नाही. मात्र मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असतील तर स्वेच्छेने नोंदणी करता येते, आणि इतक्या लहान आस्थापनेला बाराऐवजी दहा टक्के दर चालतो. ग्रॅच्युइटीची गोष्ट वेगळी. ती दहा माणसांपासून लागू होते, म्हणजे तुमच्याकडे आहे. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात, त्यामुळे तुमची नऊ वर्षं झाली. तुमच्या स्लिपवर मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २४,००० आहे. २४,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ९, म्हणजे १,२४,६०० रुपये. हा तुमचा हक्क आहे. नोकरी सोडल्यापासून तीस दिवसांत लेखी अर्ज द्या. उचलीचे ३०,००० त्याच वेळी चुकते करा आणि दोन्हींची लेखी पोच ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची असते. तुमच्या स्लिपवरचे २४,००० निम्म्याच्या वर आहेत, त्यामुळे इथे भांडणाला जागा नाही.

पगार उशिरा होण्यामागे बहुतेक वेळा मालकाची नियत नसते, त्याची अडकलेली बिलं असतात. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि २०२३-२४ पासून मुदत उलटून वर्षअखेरपर्यंत थकलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. तुमच्या शेठची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का आणि ते बिलांवर तिचा क्रमांक छापतात का, हे सहज विचारून बघा. मोठ्या कस्टमरची बिलं ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर मुदतीआधी वटवता येतात, हेही काही लहान कारखानदारांना माहीत नसतं. हा तुमचा विषय नाही असं वाटेल, पण पगाराची तारीख इथेच ठरते. आणि एक आकडा जरूर काढा : निम्म्याहून जास्त काम एकाच कस्टमरचं आहे का? असेल, तर तुमची नोकरी प्रत्यक्षात त्या कस्टमरच्या हातात आहे, आणि माझं मत चाकणकडे झुकेल.

तसं नसेल तर माझा सल्ला असा. याच आठवड्यात, मशिनवर उभं राहून नव्हे, ऑफिसात बसून शेठशी बोला. पत्राची धमकी देऊ नका. आकडा आणि कारण सांगा. ‘चाकणहून विचारणा आहे. मला इथेच राहायचंय, पण म्हातारपणाची आणि आजारपणाची सोय नाही’ एवढं पुरे. मागायचं काय, तर महिन्याला एकूण ८,००० : त्यातले ३,००० हातात आणि ५,००० निवृत्तीसाठी. त्याशिवाय पगार ७ तारखेपर्यंत, आणि कुटुंबाच्या मेडिक्लेमच्या हप्त्यात निम्मा वाटा. बरोबरीला साडेचार हजार पुरत असताना आठ मागायचे, कारण लहान धंद्यातली जोखीम तुम्ही वर्षानुवर्षं उचलताय आणि तिचा मोबदला आजवर मिळालेला नाही. शेठ सहापर्यंत आले आणि तारीख पक्की झाली, तर थांबा. नुसतं ‘दिवाळीनंतर बघू’ असं आलं, तर जा. बोलणं ठरलं की दोन ओळींचं पत्र किंवा निदान व्हॉट्सॲपवर मजकूर घ्या. तोंडी ठरलेली वाढ तिसऱ्या महिन्यात दोघांच्या आठवणीत वेगवेगळी असते.

थांबलात तर ते ५,००० घरखर्चात मिसळू देऊ नका. पीपीएफ खातं उघडा, सध्या ७.१ टक्के व्याज आहे, आणि दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत पैसे भरा. पाचच्या नंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. तुमचा महिन्याचा खर्च ३९,५०० आहे. लहान कारखान्यात काम करणाऱ्याने सहा महिन्यांचा, म्हणजे २,३७,००० चा साठा वेगळा ठेवायला हवा. एफडीत ८०,००० आहेत. आधी हा खड्डा भरा, म्युच्युअल फंड नंतर.

आईच्या विम्याकडे नोकरीच्या निर्णयाची वाट न बघता वळा. कंपनीच्या गटविम्यात आई-वडील आणि आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून घेतले असतील, तर तुमच्यासाठी त्याची किंमत पत्रकातल्या १२,००० पेक्षा बरीच जास्त आहे, कारण मधुमेह असलेल्या ज्येष्ठाला स्वतंत्र पॉलिसी महाग पडते. ते संरक्षण नोकरीबरोबर संपतं, हे मात्र लक्षात ठेवा. स्वतंत्र पॉलिसीत आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांची प्रतीक्षा असू शकते, आणि पॉलिसी घेतल्याशिवाय ते महिने मोजायला सुरुवातच होत नाही. अर्जात मधुमेह लिहा. लपवला आणि दावा नाकारला गेला, तर हप्तेही गेले आणि उपचारही खिशातून. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेवढा हप्ता हलका झाला.

जायचं ठरलं, तर सही करण्याआधी एचआरकडून चार गोष्टी ईमेलवर मागवा : पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापणार की १५,००० च्या मर्यादेवर, कारण मर्यादेवर असेल तर दोघांचे मिळून ८,४०० चे ३,६०० होतात आणि वरचा सगळा हिशेब बदलतो, मागच्या दोन वर्षांत तुमच्या श्रेणीला व्हेरिएबल किती टक्के मिळालं, गटविम्यात आई आहे का, आणि प्रोबेशनमध्ये नोटीस किती दिवसांची, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड आहे का. रुजू होताना फॉर्म ११ भरून घेतात. तुम्ही आधी पीएफचे सभासद नव्हता आणि वेतन १५,००० च्या वर आहे, म्हणून पीएफ नको असं लिहून द्यायचा पर्याय तुम्हाला मिळू शकतो. हातात चार हजार जास्त येतील असं कोणी सांगेल. तो पर्याय घेऊ नका.