घोट्याजवळची जखम १४ महिने का भरत नाही?

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे असून इचलकरंजीत ३० वर्षे यंत्रमागावर काम करतात. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडे वर, खाजवल्याचे निमित्त होऊन झालेली जखम १४ महिने भरलेली नाही. आम्ही ती रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन पावडर टाकतो. अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले. जखम थोडी सुकते आणि पुन्हा लस वाहू लागते. साखर नॉर्मल आहे. भोवतालची कातडी काळपट पडली आहे. रक्त खराब झाले आहे असे शेजारी म्हणतात, म्हणून वांगे, आंबट आणि डाळही बंद केली आहे. काय करावे?

उत्तर : वडिलांना तपासल्याशिवाय निदान पक्के करता येणार नाही, तरीही जखमेची जागा, काळपट कातडी आणि उभे राहून काढलेली ३० वर्षे पाहता दोष बहुधा पायाच्या शिरांत असावा. पायातले रक्त हृदयाकडे चढवण्याचे काम चालताना पोटरीचे स्नायू करतात आणि चढलेले रक्त शिरांमधल्या झडपा खाली घसरू देत नाहीत. या झडपा निकामी झाल्या की रक्त घोट्याशी साचते, तिथला दाब वाढतो आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाणी व तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. त्या पेशींतल्या लोहाने कातडी काळवंडते आणि पुढे कडक होते. मग नखाचा एक ओरखडाही पुरतो. शेजाऱ्यांना दिसलेला रंग खरा आहे, पण तो साचलेल्या रक्ताचा आहे, खराब रक्ताचा नव्हे.

म्हणूनच पावडर आणि मलम बदलत राहून जखम भरलेली नाही. तिचा मुख्य उपचार म्हणजे दाबाची पट्टी. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत दोन ते चार थरांत बांधलेली ही पट्टी घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देते आणि आठवड्यातून एकदा-दोनदा बदलतात. दुकानातून आणलेले, दुपारपर्यंत सैल होऊन घोट्यावर गोळा होणारे क्रेप बँडेज म्हणजे ही पट्टी नव्हे; ती बांधणे शिकलेल्या हाताचेच काम आहे.

मात्र त्याआधी घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब हे गुणोत्तर डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) मोजलेच पाहिजे. ते ०.८ पेक्षा कमी असेल तर धमन्याही, म्हणजे पायाकडे रक्त आणणाऱ्या वाहिन्याही, अरुंद झाल्या आहेत असे समजावे. अशा पायाला पूर्ण दाब दिला तर उरलासुरला रक्तपुरवठाही तुटू शकतो. वडील विडी ओढत किंवा तंबाखू खात असतील तर हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी त्यांना सांगा. शिरांची कलर डॉप्लर सोनोग्राफीही करून घ्या, कारण निकामी शीर लेसर किंवा रेडिओ लहरींनी बंद करता येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील ४५० रुग्णांच्या अभ्यासात पट्टीबरोबर हा उपचार लवकर केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, तर तो लांबवलेल्यांपैकी निम्म्यांच्या भरायला ८२ दिवस लागले. आधी जखम भरू दे, मग शिरेचे बघू, हा सल्ला आता मागे पडला आहे.

पेरॉक्साइड आजच थांबवा. त्याचा फेस पाहून समाधान वाटते, पण त्याने नव्याने वाढणाऱ्या पेशीही मरतात. स्वच्छ पाणी किंवा सलाईन पुरेसे आहे. जखम उघडी ठेवून वाळवण्याचीही गरज नाही. ओलसर झाकलेल्या जखमेवर कातडी लवकर चढते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत दाखवून दिले होते. अँटिबायोटिक ताप, पसरणारी लाली किंवा वाढती वेदना असेल तरच लागते. जुन्या जखमेच्या स्वॅबमध्ये (जखमेवरून कापसाने पुसून घेतलेल्या नमुन्यात) जंतू सापडणारच, म्हणून दर वेळी कोर्स घेऊ नये. डाळ आजपासून पुन्हा सुरू करा. लस वाहणाऱ्या जखमेतून प्रथिने जातच असतात. त्यात ताटातलीही काढून घेतली तर नवी कातडी कशाने तयार होणार?

काम सोडणे शक्य नसेल तर जमेल तेव्हा टाचा उचलाव्यात, थोडे चालावे, आणि घरी आल्यावर पाय छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवून पडावे. नीट पट्टी बांधूनही तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा कडा उंचावल्या, तर तुकडा काढून बायोप्सी करावी; जुनाट जखमेत क्वचित कर्करोग होतो. जखम भरल्यावरही दाबाचे मोजे घालत राहावे लागेल, नाहीतर ती बहुधा परत येईल.

प्रश्न : माझ्या आईला १५ वर्षे मधुमेह आहे. तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, जखम आहे, पण अजिबात दुखत नाही. म्हणजे ती गंभीर नसावी ना? (म्हापसा)

उत्तर : दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की माणूस जखमेवरच पाऊल टाकत राहतो. आईंची साखर आटोक्यात आणणे जरुरीचे आहेच, पण त्या भागावरचा भार काढल्याशिवाय कोणतेही ड्रेसिंग उपयोगी पडणार नाही. त्यासाठी पायाला घट्ट बसणारे विशेष प्लास्टर घालतात. वरच्या उत्तरातली दाबाची पट्टी त्यांना परस्पर बांधू नका. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने घोट्याच्या रक्तदाबाचे माप फसवे येते, म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो. हाडापर्यंत जंतू गेले आहेत का हे पाहण्यासाठी एक्स-रे काढा. पाऊल लाल, गरम, सुजलेले दिसले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.