सुट्ट्या पैशाच्या चिठ्ठीचा धनी

जळगाव

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजोळच्या ट्रंकेतून निघालेल्या आणि ज्यांच्यावर तू लेख लिहिणार आहेस त्या दोन्ही वस्तूंचे फोटो मिळाले. एक पितळी चकती, कडेला भोक आणि वर 217 हा आकडा ठोकलेला. दुसरा पिवळट पुठ्ठ्याचा तुकडा, आगगाडीच्या जुन्या तिकिटाहून जरा मोठा. त्यावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का, मधोमध "1 आणा" आणि खाली घाईघाईत केलेली आडवी सही. चकती भारी दिसते, तिचीच किंमत जास्त असणार, असं तुझं म्हणणं. माझा जीव मात्र त्या पुठ्ठ्यात अडकलाय, आणि का ते सांगायलाच हे पत्र.

चकतीचं आधी उरकून घेतो. तिच्यावर नंबर आहे, रक्कम नाही. गिरणीत किंवा रेल्वेच्या कारखान्यात कामगाराला असा नंबराचा बिल्ला मिळायचा. हजेरीला तो दाखवायचा, स्टोअरमधून हत्यार घेतलं की हत्याराच्या जागी खिळ्याला अडकवायचा. कडेचं भोक त्यासाठी असतं. घरातलं कुणी अमळनेरच्या गिरणीत किंवा भुसावळच्या लोकोशेडला होतं का, हे आईला विचार. वस्तू जपण्याजोगी आहेच, पण ती पैसा नव्हे. रक्कम असेल आणि माणसाचा नंबर नसेल, तिथे पैशाच्या जागी चाललेली वस्तू असण्याचा संभव. ही पहिली खूण मनाशी पक्की कर.

आता पुठ्ठा. तो 1942-43 च्या आसपासचा असावा असं मला वाटतं, पण सिद्ध करायचं काम तुझं. तेव्हा काय झालं होतं ते समजून घे. जपान युद्धात उतरला, 1942 च्या मार्चमध्ये रंगून पडलं आणि लोकांचा कागदी नोटेवरचा विश्वास डळमळला. ज्याच्या हाती नाणं आलं त्याने ते घरात ठेवलं. तांबं आणि निकेल दारूगोळ्याला हवं होतं. फौजेची भरती आणि खरेदी वाढली तशी रोखीची मागणीही वाढली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींना ती पुरवेना. 1943 मध्ये लाहोरला नवी टांकसाळ काढावी लागली. त्याच वर्षी भोकाचा पैसा आला. जुना पैसा 75 ग्रेनचा, म्हणजे जवळजवळ 4.9 ग्रॅम. भोकाचा 30 ग्रेनचा, दोन ग्रॅमलाही किंचित कमी. एका जुन्या पैशाच्या धातूत अडीच नवे पैसे निघत. आपल्या सराफ बाजारात ओळखीच्या दुकानी दोन्ही काट्यावर ठेवून बघ. युद्धात धातूची किती ओढ होती ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल.

गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं भारत संरक्षण नियमांखाली गुन्हा ठरवलं होतं. तरी बाजारात मोड मिळेना. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. ज्याचा दिवसाचा सगळा व्यवहार आण्या-पैशात, त्याची सगळ्यात मोठी कोंडी. नोट असून उपयोग काय, अर्ध्या आण्याचं मीठ घेतल्यावर उरलेले पैसे द्यायचे कशात? कुठे टपालाची तिकिटं हातोहात फिरली. मोरवी, जुनागढ, नवानगर, बिकानेर, बुंदी, सैलाना अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची छापील कुपनं काढली. खानदेश थेट इंग्रजी अंमलाखाली, इथे छापून द्यायला कुणी राजा नव्हता. शेजारी नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जात होत्या, तिकिटंही तिथलीच, पण पैसा-दोन पैशांची नड त्याने भागण्यासारखी नव्हती. अशा वेळी दुकानदार, हॉटेलवाले आपापल्या सहीच्या चिठ्ठ्या देऊ लागतात. तुझा पुठ्ठा त्या जातीचा दिसतो.

धातूचा बिल्ला का नाही, पुठ्ठाच का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो विचारायलाच हवा. आपल्याकडे 1889 चा मेटल टोकन्स कायदा होता. पैसा म्हणून चालवण्यासाठी खासगी माणसाने धातूचे तुकडे पाडणं आणि देणं त्याने बंद केलं. म्हणजे युद्धाच्या पन्नास वर्षं आधीच ती वाट बुजवलेली होती. पुढे रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्याने, जो आणील त्याला मागताक्षणी पैसे देऊ असं वचन असलेला कागद काढण्याचा हक्क बँकेखेरीज आणि केंद्र सरकारखेरीज कुणाला ठेवला नाही. म्हणून पुठ्ठ्यावरचा शब्द न् शब्द भिंगाने वाच. "पैसे" लिहिलंय की "माल"? नुसतीच रक्कम आहे की दुकानाचं नावही आहे? दुकानदाराला कायदा किती ठाऊक होता आणि तो किती सावध होता, त्याचा अंदाज अशा शब्दांतूनच बांधता येतो.

अमेरिकेत हे उलट्या क्रमाने घडलं. तिथल्या यादवी युद्धात 1862 साली सोनं-चांदी, मग तांबं-निकेलचे सेंटसुद्धा लोकांनी दडवले. आधी टपालाची तिकिटं चालली. ती घामाने चिकटत, फाटत, म्हणून एकाने अभ्रकाच्या झाकणाखाली पितळी डबीत तिकीट बसवायचं पेटंटही घेतलं. मग व्यापाऱ्यांनी सेंटच्या आकाराचे तांब्याचे बिल्ले पाडले. 1864 पर्यंत असे अंदाजे अडीच कोटी बिल्ले निघाले म्हणतात. काहींवर मोठ्या अक्षरात "एक सेंट" आणि वर अगदी बारीक अक्षरात "नव्हे" असं कोरलेलं असे, खोटं नाणं पाडल्याचा आळ येऊ नये म्हणून. न्यूयॉर्कच्या गुस्ताव लिंडनम्यूलर नावाच्या दारूगुत्तेवाल्याने एकट्याने दहा लाखांवर बिल्ले काढल्याचं सांगतात. लोक ते ट्रामच्या भाड्यात देत. थर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या ट्राम कंपनीकडे ढीग साचला तेव्हा कंपनीने ते त्याच्याकडे नेऊन पैसे मागितले आणि त्याने सरळ नकार दिला. कंपनीकडे दाद मागायला कायदा नव्हता. 1864 मध्ये तिथे खासगी नाणी पाडायला बंदी झाली, त्यामागे अशी प्रकरणं होती.

ही गोष्ट नीट मनात ठेव, कारण तुझ्या सगळ्या कामाचा कणा त्यात आहे. अशी वस्तू कशाची केली आहे याला फार महत्त्व नाही. ती परत कोण घेणार होतं, कुठपर्यंत घेतली जात होती आणि शेवटी कुणाच्या हातात अडकली, हे तीन प्रश्न खरे. तुझ्या पुठ्ठ्याला एक धनी होता. त्याच्या सहीची पत जिथवर, तिथवर तो आणा खरा. गल्लीतला चहावाला घेत असेल, न्हावी घेत असेल, कारण दोघांचाही किराणा त्याच दुकानातून. रेल्वेच्या खिडकीवर तो घेतला जाणार नव्हता. दुसऱ्या गावाहून आठवडे बाजाराला आलेल्या व्यापाऱ्याने का घ्यावा?

आज दुकानदार दोन रुपयांऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की चॉकलेट खाऊन संपतं. चिठ्ठी घेतलेल्या माणसाला त्याच दुकानात परत यावं लागे, आणि तोवर त्याचा आणा दुकानदाराकडे बिनव्याजी राही. दुकानदाराला लबाड ठरवायची घाई करू नकोस, त्याचीही अडचण खरी होती. पण सातपुड्यातून डिंक, चारोळी घेऊन बाजाराला उतरलेल्या भिल्ल बाईच्या हातात अशी चिठ्ठी पडली असेल तर? पुढच्या बाजाराला ती येईल, न येईल. अक्षरं तिला वाचता येत असतील, नसतील. हिशेबाच्या वहीत या बाईची नोंद सापडणार नाही. तरी तुझ्या लेखात तिच्यासाठी जागा ठेव, एवढं मी आग्रहाने सांगतो.

आता कामाला कुठून लागायचं? एक वाट वह्यांची. त्या काळच्या दुकानदारांचे रोजमेळ आणि खतावण्या, म्हणजे रोजच्या आणि खातेवार हिशेबाच्या वह्या, लाल कापडी बांधणीत अजून कित्येक घरांत माळ्यावर पडून आहेत. चिठ्ठ्या वाटल्या तर त्या देणं म्हणून कुठेतरी धराव्याच लागतात. तो खर्डा सापडला तर तुझं निम्मं काम झालं. गुजराती, मारवाडी पेढ्यांच्या वह्या दिवाळीला बदलत आणि त्यावर विक्रम संवत असे. संवत 1999 म्हणजे 1942 च्या दिवाळीपासून 1943 च्या दिवाळीपर्यंत. ती आणि तिच्या पुढची वही आधी माग. अक्षर मोडी असलं तर घाबरू नकोस. मोडी शिकता येते, आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचं दप्तर एकदा पाहिलंस की शिकावीशीही वाटेल. सरकारी कागद धुंडाळताना "जळगाव जिल्हा" असं शोधू नकोस. 1906 पासून 1960 पर्यंत कागदोपत्री पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हीच नावं आहेत, आणि नंदुरबार तर 1998 पर्यंत धुळ्यातच होतं. नाण्यांचं शास्त्र शिकायचं तर नाशिकजवळ अंजनेरीची मुद्राशास्त्र संशोधन संस्था आहे.

वह्या थांबतील, माणसं थांबणार नाहीत. 1943 मध्ये जी मुलं दहा वर्षांची होती, दुकानावर पाठवली जात होती, ती आज नव्वदीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे आधी जा. प्रश्नावली काढून बसू नकोस, त्याने माणूस आखडतो. अहिराणीत विचार: "आजी, तवय चिल्लर भेटे नही, मंग बजार कसा करेत?" यावल-रावेरकडे लेवा बोलीत. आणि पुठ्ठा आधी दाखवू नकोस. आधी दाखवलास तर माणूस त्याच्याकडे बघून आठवणी जुळवतो. आधी ऐक, लिहून घे, मग हातात दे. सही ओळखीची निघाली तर त्या आठवणीला वजन आहे.

वस्तूंची काळजी. पितळेला चिंच, लिंबू, राख काही लावायचं नाही. चकाकी येईल आणि ऐंशी वर्षांची हातची खूण जाईल. पुठ्ठ्याला चिकटपट्टी नको आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. उष्णतेने आणि गोंदाने तो कायमचा जातो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून कालांतराने चिकट पदार्थ सुटतो, तेही टाळ. तूर्त स्वच्छ कोऱ्या कागदाच्या घडीत ठेव, वर पेन्सिलीने ट्रंक कुणाची, कुठल्या गावची, सोबत आणखी काय होतं ते लिही. ट्रंकेतले इतर कागद फेकले नसशील अशी आशा आहे. तारीख असलेली एखादी पावती त्या ढिगात निघाली, तर पुठ्ठ्याचं वय ठरवायला तिचा सगळ्यात मोठा आधार.

विकत घेण्याच्या फंदात पडू नकोस. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, रामदरबार किंवा हनुमान असलेली, 1818 सालची म्हणून जी जाड पितळी "नाणी" लाखोंच्या किमतीला मोबाइलवर फिरतात, ती कंपनीने कधी पाडलेलीच नाहीत. ती देवघरात ठेवायची टंका, म्हणजे पूजेचे बिल्ले आहेत. युद्धकाळातल्या साध्या बिल्ल्यालाही असंच कथानक जोडून देणारे भेटतील, कधी नंदुरबारच्या बेचाळीसच्या चळवळीचं, कधी चिमठाण्याला क्रांतिकारकांनी लुटलेल्या सरकारी खजिन्याचं. नंदुरबारच्या गोळीबारात गेलेल्या कोवळ्या शिरीषकुमारचं नाव ऐकलं की खानदेशातला माणूस हळवा होतो, मीही होतो. नेमकं तिथेच पुरावा मागायचा. वस्तू कुणाच्या घरातून आली आणि ते घर कुठलं, हे सांगता येत नसेल तर हात जोडून परत द्यायची.

सध्या एवढंच कर. पुठ्ठ्याची लांबी, रुंदी, जाडी मोजून कळव. मागच्या बाजूचा फोटो तू पाठवलेला नाहीस. तो खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात काढ, म्हणजे पुसट पेन्सिलीचे आकडेही उमटतील. सहीचा फोटो वेगळा, जवळून. आणि आजोळच्या गावात त्या काळी किराण्याची दुकानं कुणाकुणाची होती, त्यांची नावं आजीकडून घेऊन ठेव. पुढच्या रविवारी दुपारी मी घरीच आहे, सगळं घेऊन ये.

तुझा,
काका