मूठभर पेशी टी पेशींना कामाला कशा लावतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी असलेल्या डेंड्रायटिक पेशी लाखो टी पेशींना (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) जागं कसं करतात? आणि बेसोफिलही (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पांढऱ्या पेशी) टी पेशींना 'शिकवतात' असं वाचलंत, ते खरं का? पहिल्याचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो.

डेंड्रायटिक पेशी राल्फ स्टाइनमन आणि झनविल कोन यांनी १९७३ मध्ये उंदराच्या प्लीहेत ओळखल्या. फांद्या फुटल्यासारखा आकार, म्हणून ते नाव. पुढे १९७८ मध्ये दिसलं की टी पेशींना चेतवण्यात त्या प्लीहेतल्या इतर पेशींपेक्षा किमान शंभरपट सरस आहेत. एखादं विशिष्ट प्रतिजन (जंतूचा वगैरे ओळखू येणारा अंश) ओळखणारी नवखी टी पेशी साधारण लाखात किंवा दहा लाखांत एक असते, तेव्हा गाठ पडणार कशी? तर डेंड्रायटिक पेशी प्रतिजन घेऊन लसग्रंथीत (काखेत, मानेत असतात तशा गाठीत) जाते आणि हातपाय पसरून बसते. हिंडतात त्या टी पेशी. उंदराच्या लसग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली हे प्रत्यक्ष पाहिलंय: एकेक डेंड्रायटिक पेशी तासाला शेकड्यांनी, कधी हजारांनी टी पेशींना भेटते. बहुतेक भेटी काही मिनिटांच्या. जुळलं तर टी पेशी तासन्‌तास चिकटून राहते.

नुसतं जुळून भागत नाही. एचएलए, म्हणजे पेशीवरचं प्रतिजन दाखवणारं प्रथिन, त्याच्या खोबणीतला पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) ओळखणं हा पहिला इशारा. डेंड्रायटिक पेशीवरच्या सीडी८० आणि सीडी८६ या प्रथिनांनी टी पेशीवरच्या सीडी२८ला धरणं हा दुसरा. तो मिळाला नाही तर टी पेशी चेतण्याऐवजी सुस्त पडते. तिसरा इशारा सायटोकाइनचा, म्हणजे पेशींनी सोडलेल्या निरोप्या प्रथिनांचा; त्यातलं आयएल-१२ भरपूर असेल तर टी पेशी टीएच-१ (पेशींत लपलेल्या जंतूंशी लढणारा प्रकार) व्हायच्या वाटेला लागते. म्हणजे ही पेशी प्रतिजन तर दाखवतेच, शिवाय त्याचं पुढे काय करायचं हेही सांगते.

आता बेसोफिल. २००९ मध्ये उंदरांवरचे काही शोधनिबंध एकापाठोपाठ आले: बेसोफिल प्रतिजन दाखवतात, टीएच-२ (ॲलर्जीतला आणि जंतांविरुद्धचा टी पेशींचा प्रकार) घडवतात. लगेच दुसऱ्या गटांनी हरकत घेतली की डेंड्रायटिक पेशी काढून टाकल्या तर ही प्रतिक्रिया कोलमडते. माणसाच्या बेसोफिलवर तर एचएलए-डीआर (अशा टी पेशींना प्रतिजन दाखवणारं एचएलए) जवळजवळ नसतंच. मग दाखवणार कशावर? मात्र टी पेशींशी त्यांचा संबंधच नाही असंही नाही. टी पेशी आयएल-३ हे सायटोकाइन सोडतात, त्याने बेसोफिल तरतरीत होतात. आणि आयजीई या ॲलर्जीतल्या प्रतिपिंडामार्फत चेतलेले बेसोफिल काही तासांत आयएल-४ सोडतात, ते टीएच-२च्या पथ्यावर पडतं. देवाणघेवाण आहे, शिकवणी नाही, असं माझं मत.

माझी फजिती अशी. दोन वेगळ्या माणसांच्या पेशी एकत्र वाढवायच्या, टी पेशींना सीएफएसई रंग द्यायचा. टी पेशी चेतली की दुभंगते, आणि दुभंगली की रंग निम्मा होतो, त्यामुळे आलेखावर डावीकडे एकेक शिखर उमटत जातं. मी प्लेटच्या एका खळग्यात १ लाख टी पेशी आणि सॉर्टरने (पेशी निवडून वेगळ्या करणाऱ्या यंत्राने) वेगळे केलेले २० हजार बेसोफिल टाकले. पाचव्या दिवशी खळग्याच्या तळाशी पेशींचे द्राक्षांसारखे घड आणि आलेखावर चांगली चार शिखरं! दोन दिवस मी हवेत होतो.

मग एका सहकाऱ्याने विचारलं, शुद्धता किती? म्हटलं, ९६ टक्के. तो म्हणाला, मग उरलेल्या ८०० पेशी कोण? बसलो मोजत. त्यातल्या जवळपास निम्म्यांवर एचएलए-डीआर भरभरून होतं, म्हणजे त्या डेंड्रायटिक पेशी होत्या. म्हणजे अडीचशे टी पेशींमागे एक डेंड्रायटिक पेशी. परक्या एचएलएला प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी मुळातच पुष्कळ असतात, त्यामुळे या प्रयोगात तेवढीही पुरते.

बेसोफिलचीच ही गत आहे असं नाही. प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी टी पेशींना चेतवतात असं वर्षानुवर्षं मानलं जाई. २०१७ मध्ये एकेका पेशीचा आरएनए वाचल्यावर कळलं की त्या गटात एक्सल आणि सिग्लेक-६ ही प्रथिनं असलेल्या वेगळ्याच पेशी मिसळलेल्या होत्या. त्या वगळल्या तर चेतवण्याची ताकद फारशी उरत नाही. इंटरफेरॉन (विषाणूंविरुद्धचं सायटोकाइन) ओतणं हे मात्र प्लाझ्मासायटॉइड पेशींचं खरंखुरं काम, त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

नंतर मी प्रयोग पुन्हा केला. एका खळग्यात एचएलए-डीआर असलेली प्रत्येक पेशी वगळून घेतलेले २० हजार बेसोफिल: एकही शिखर नाही. शेजारच्या खळग्यात बेसोफिल अजिबात नाहीत, फक्त ४०० डेंड्रायटिक पेशी: तीच चार शिखरं.

तुम्ही वाचलेला लेख उंदरांवरचा आहे की माणसांवरचा, ते आधी पाहा. माणसांवरचा असेल तर त्यातली सॉर्टिंगची आकृती इथे टाका, बघून सांगतो.