एकतर कर, नाहीतर बोल

अगं, तुझ्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीबद्दलचा तुझा मेसेज दोनदा वाचला. तिने खुर्चीवर टाकलेला ओला टॉवेल, सिंकमध्ये पाण्यात पडून राहिलेला स्पंज, खोलीत कोणी नसताना चालू असलेला लाइट, आणि शेवटी तुझा प्रश्न, की एवढ्याशा गोष्टींचा राग येतो म्हणजे मी कोत्या मनाची आहे का. नाहीयेस. तो विषय इथेच संपला. मला खुपलं ते वेगळंच वाक्य, जे तू ओघात लिहून गेलीस: "मी काही बोलत नाही, टॉवेल उचलून वाळत घालते, पण तिला समजेल अशा बेताने." तो बेत मला चांगला माहितीये. कपाटाचं दार जरा जोरात लागतं, भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजतात, ती विचारते काय झालं आणि तू म्हणतेस काही नाही.

एकतर कर, नाहीतर बोल. करून दाखवू नकोस. बाकीचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल.

टॉवेल तुला खुपतोय ना, मग तू उचल, पसरून टाक आणि विसरून जा. खरंच विसर, मनातल्या वहीत नोंद नको. ते जमत नसेल (आणि काही गोष्टींचं नाहीच जमत, त्यात लाज कसली) तर त्याच दिवशी तोंडाने सांग. "टॉवेल चुरगळून पडला की वाळत नाही गं, कुबट वास येतो, दांडीवर पसरत जाशील का?" बास. त्यात "तू नेहमीच" नको, "तुला सवयच नाही" नको, आणि तिच्या घरच्यांचा उद्धार तर अजिबातच नको. टॉवेलबद्दल बोलायचंय तर टॉवेलबद्दलच बोल.

वहीचं एवढं लावून धरतेय कारण ती वही खोटी असते. तू मुद्दाम खोटं लिहितेस असं नाही, पण आपण केलेलं तेवढं आपल्याला आठवतं. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरी सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांचे आकडे मिळवले तर बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. त्यातलं कोणी लबाड नव्हतं. तू स्पंज पिळून ठेवलास ते तुला आठवतं, तिने कचऱ्याची पिशवी बदलली तेव्हा तू घरातच नव्हतीस. अशा वहीच्या जोरावर तू तिच्याशी भांडणार?

आता तू म्हणशील, तिला कळायला नको का? मोठी आहे, डोळे आहेत. इथे मात्र मी चिडते, आधीच सांगते.

मी आणि माझी एक मैत्रीण कितीतरी वर्षं एका खोलीत राहिलो. मला पहाटे उठायचं असायचं, मी अलार्म लावायचे, स्नूझ करायचे, परत वाजला की परत स्नूझ. स्नूझ करणाऱ्याला लगेच झोप लागते गं, पण दुसऱ्या कॉटवरचा माणूस टक्क जागा राहतो, आता वाजेल मग वाजेल करत. तिची झोप सावध होती. ती कधी एका शब्दाने बोलली नाही. हळूहळू बोलणं कमी झालं, मग ती दुसरीकडे राहायला गेली, आणि अलार्मचं मला तिसऱ्याच व्यक्तीकडून कळलं, तेही फार उशिरा. आजही लोक मला म्हणतात तुला समजायला हवं होतं. कसं समजणार? आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, नाकाला तो सवयीचा झालेला असतो, तसंच आपल्या सवयींचं. ती बोलली असती तर त्याच रात्री फोन व्हायब्रेटवर टाकून उशीखाली ठेवला असता. मी माझीच बाजू मांडतेय असं वाटेल, वाटू दे. इतक्या वर्षांची मैत्री एका वाक्यावाचून गेली आणि ते वाक्य माझ्याकडे नव्हतं, तिच्याकडे होतं. याची खंत मला अजून आहे, म्हणून तर तुला एवढं बोलतेय. तुझ्याकडे ते वाक्य आहे.

फ्रिजवर नियमांचा कागद लावायची तुझी आयडिया सोडून दे. कागद लावणं म्हणजे न बोलणंच. आणि तो वाचताना तिला कसं वाटेल याचा जरा विचार कर.

बोललीस की लगेच बदल होईल असंही धरू नकोस. आज ती हो म्हणेल आणि चार दिवसांनी टॉवेल परत खुर्चीवर असेल. तो तुझा अपमान नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला किती दिवस लागतात याचा. साधारण ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४. आणि ते लोक स्वतःहून सवय लावायला बसले होते! तुझी मैत्रीण तर तुझ्यासाठी बदलणार आहे. तेव्हा परत सांग, त्याच आवाजात, पहिल्यांदाच सांगतेयस असं. तेवढा दम नसेल तर स्वतः उचल. परत तेच, कर नाहीतर बोल.

गॅस चालू राहणं, बाहेरचं दार उघडं राहणं यांना मात्र सवयीत मोजू नकोस. तिथे गोड बोलायची गरज नाही, त्या मिनिटाला स्पष्ट सांगायचं.

आणि एक, जे तुला आवडणार नाही. तू बोलायला लागलीस की तीही बोलेल. तुझ्याबद्दल तिच्याकडे काहीतरी असणारच, कदाचित रात्री तू फोन स्पीकरवर टाकून बोलतेस तेच. तेव्हा "मग तू नाही का" म्हणून टॉवेल मध्ये आणू नकोस. तिचं पूर्ण ऐकून घे, सांगितलंस ते बरं केलंस म्हण आणि त्या रात्रीपासून इयरफोन लाव.